नाट्यलेखन कार्यशाळेला जायचंय? मग आधी एक प्रवेश लिहा

नाट्यलेखन कार्यशाळेची जाहिरात हल्ली व्हॉट्सॲपवरच येते. रिकाम्या रंगमंचाचा फोटो, त्यावर एकच खुर्ची, मार्गदर्शकाचं नाव, तारखा, आणि खाली ‘मर्यादित जागा’. आपण ती स्वतःलाच पाठवून ठेवतो आणि शेवटची तारीख उलटल्यावर पुन्हा बघतो. ज्यांना या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

मी अशा तीन कार्यशाळांना लिहिणारा म्हणून बसलो. नंतर काहींमध्ये दुसऱ्यांचे प्रवेश वाचून दाखवणारा नट म्हणून मला बोलावू लागले, आणि खरं सांगायचं तर नाट्यलेखनाबद्दल जे थोडं कळलं ते या दुसऱ्या कामात कळलं. कागदावर झकास दिसणारं वाक्य तोंडात अडकतं म्हणजे काय होतं, हे ते तोंड आपलं असल्याशिवाय समजत नाही. कार्यशाळेचा उपयोगही माझ्या लेखी तेवढाच आहे. तिथे कुणी तुम्हाला लिहायला शिकवत नाही. तुम्ही लिहिलेलं परक्या माणसाच्या तोंडून ऐकायची सोय तिथे असते. ती सोय नसेल तर ती व्याख्यानमाला झाली. मग फी भरण्यापेक्षा ग्रंथालयात जाऊन चार नाटकं वाचलेली बरी.

कार्यशाळा शोधायची कुठे

मोठ्या शहरांत शोध सोपा आहे. मुंबईत प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे, पुण्यात प्रायोगिक नाटक करणाऱ्या संस्था आणि छोटी प्रेक्षागृहं आहेत, गोव्यात पणजीची कला अकादमी आहे. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय नाट्य प्रशिक्षण शिबिरं घेतं; त्यांत भर अभिनयावर असला तरी लेखनाची सत्रं असू शकतात, विचारून घ्यावं. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेच्या शाखा तर बऱ्याच गावांत आहेत.

पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला माझा सल्ला वेगळा आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते. आपल्या जवळच्या केंद्रावर सलग चार-पाच संध्याकाळी जाऊन बसा. तिथे तुमच्याच जिल्ह्यातले संघ भेटतील. बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करून संध्याकाळी तालमी करणारी ही माणसं. कार्यशाळा कधी, कुठे, कोण घेतंय, हे त्यांना जाहिरात निघण्याआधीच ठाऊक असतं. प्रयोग संपल्यावर विंगेत जाऊन ‘मी थोडंफार लिहितो’ एवढं म्हणायचं धाडस करा. लिहिणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक संघाला असते, हे तिथे गेल्यावर कळेल.

जाहिरात वाचताना

मार्गदर्शकाचं नाव मोठं आहे की नाही, हे मी शेवटी बघतो. आधी फोन करून विचारायच्या गोष्टी अशा : किती जण घेणार? वाचायला नट असणार का? प्रत्येकाच्या लेखनाला किती वेळ मिळणार? आणि संपल्यावर काही अभिवाचन वगैरे आहे का?

संख्येचं गणित सरळ आहे. दोन दिवसांची कार्यशाळा म्हणजे चहा-जेवण वगळून जेमतेम बारा तास. त्यातले निम्मे मार्गदर्शकाच्या बोलण्यात जातात. उरलेल्या सहा तासांत बारा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. चाळीस जण असतील तर नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत प्रवेश वाचूनही होत नाही. अशाच एका ठिकाणी मी फी भरून दोन दिवस बसलो होतो. माझा कागद पिशवीतून बाहेरसुद्धा निघाला नाही. निघताना प्रमाणपत्र आणि पेन मात्र मिळालं.

प्रकारही साधारण तीन असतात. शनिवार-रविवारची कार्यशाळा चव घेण्यापुरती ठीक. निवासी शिबिरात लिहिणं कमी आणि गप्पा जास्त होतात, पण पुढे दहा वर्षं उपयोगी पडणारे मित्र तिथेच भेटतात. सगळ्यात कामाची ती दर रविवारी सकाळी, सहा-आठ आठवडे चालणारी. कारण मधल्या आठवड्यात तुम्हाला पुन्हा लिहावं लागतं आणि पुढच्या रविवारी तेच लोक ते पुन्हा ऐकतात. नाटक लिहिणं म्हणजे बव्हंशी पुन्हा लिहिणं, आणि त्यासाठी मधे दिवस जावे लागतात. मुंबईत रेज प्रॉडक्शन्स या नाट्यसंस्थेनं लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबरोबर ‘राइटर्स ब्लॉक’ नावाचा उपक्रम केला, त्याचा पहिला महोत्सव 2004मध्ये झाला. त्यातही लेखकांनी कार्यशाळेत लिहिलं, महिनोन्‌महिने खर्डे बदलले आणि मगच प्रयोग उभे राहिले.

ऑनलाइन कार्यशाळा दूर राहणाऱ्यांना, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतल्या लोकांना सोयीची आहे, यात शंका नाही. अडचण एकच. नाटकात जागा शांततेला असते आणि पडद्यावर कुणी शांत झालं की सगळे ‘आवाज येतोय ना?’ विचारतात.

अर्जासोबत काय पाठवायचं

बहुतेक चांगल्या कार्यशाळांना लेखनाचा नमुना लागतो. इथे नवखा माणूस हमखास दोन चुका करतो. एक म्हणजे कथा किंवा कविता पाठवतो. दुसरी, तीन अंकी नाटकाचा सारांश पाठवतो. सारांश कुणाचाही चांगलाच असतो.

दोन-तीन पानांचा एक प्रवेश पाठवा. दोन पात्रं, एक जागा, सलग वेळ. मधे काळोख नाही, फ्लॅशबॅक नाही, फोनवरचं लांबलचक बोलणं नाही. एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि दुसरा ते सहज देणार नाही, एवढं पुरे. विषय भव्य असण्याची काही गरज नाही. सोसायटीतल्या पार्किंगवरून भांडणाऱ्या दोन माणसांत अख्खं नाटक असू शकतं.

लिहिण्याची पद्धत साधी ठेवा. डावीकडे पात्राचं नाव, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग संवाद. रंगसूचना कंसात, आणि थोड्या. ‘(ती खिन्न, उद्विग्न, पण आतून कुठेतरी सुखावलेली)’ अशी सूचना आली की नट कागद खाली ठेवून लेखकाकडे बघतो. हे आता करून दाखवू? ‘(पदराला हात पुसते)’ हे करता येतं. कार्यशाळेत याच नियमावर मी सगळ्यात जास्त वेळा बोट ठेवलेलं पाहिलं आहे : जे करता किंवा बोलता येत नाही ते कादंबरीत लिहावं.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की तिथे अगम्य चिन्हांचं जंगल दिसतं आणि तुमचा अर्ज तिथेच संपतो. पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा आणि एकदा दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहा. पानांना क्रमांक घाला. वाचनाच्या वेळी कुणाच्या तरी हातून कागद पडतातच.

आणि वेळ मोजा. इंग्रजी पटकथेत एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशेब सांगतात. मराठी नाटकाच्या हस्तलिखिताला तो लावू नका. दोन शब्दांचे संवाद असलेलं पान पाऊण मिनिटात संपतं, स्वगताचं पान तीन मिनिटं खातं. फोनवर स्टॉपवॉच लावायचं, मोठ्यानं वाचायचं, हाच उपाय. घरातले विचारतील कुणाशी भांडतोयस. सांगा, कार्यशाळेचा अभ्यास.

जाण्याआधीचे पंधरा दिवस

तीन कामं करा. चालू असलेलं एक नाटक दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना गोष्ट माहीत असते, तेव्हा फक्त एन्ट्री आणि एक्झिटकडे लक्ष द्या : पात्र नेमकं कुठल्या वाक्यावर आत येतं, कुठल्या वाक्यावर जातं. हे बघायला लागलात की लेखकाचं सुतारकाम दिसू लागतं.

दुसरं, कान लावून ऐका. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. ऐकलेलं घरी येऊन जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करा. लगेच लक्षात येईल की माणसं वाक्यं पुरी करत नाहीत, प्रश्नाला उत्तर न देता दुसराच प्रश्न विचारतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं ते जाता जाता, चप्पल घालताना बोलतात. बोलीचंही तेच. तुमच्या घरात वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलत असतील तर पात्रांच्या तोंडी ती येऊ द्या. पहिल्याच कार्यशाळेत एक मुलगी धुळ्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी पुण्याची पुस्तकी भाषा घालून आली होती. मार्गदर्शकानं तिला फक्त एवढंच विचारलं, ‘हे तुझे आजोबा असते तर काय म्हणाले असते?’ ती हसली आणि अहिराणीत बोलली. नाटक तिथून सुरू झालं.

तिसरं, जिथे कार्यशाळा आहे त्या रंगमंचावर एकदा उभं राहून या. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968पासून उभं आहे. तिथल्या शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं तर कुजबूजही मोठ्यानं करावी लागते. उलट दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या संस्थेनं 1970च्या दशकात प्रायोगिक नाटकाची जी चळवळ चालवली, किंवा पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर जे प्रयोग झाले, तिथे प्रेक्षक नटापासून चार हातांवर. तिथे भुवई उडाली तरी ती ओळ होते. आपण कुठल्या जागेसाठी लिहितो आहोत हे पायांना कळलेलं असावं.

पहिलं वाचन

आता मुख्य भाग. तुमचा नंबर येतो, कागद दोन नटांच्या हातात जातात, आणि तुमचे तळहात ओले होतात.

काही नियम पाळा. आधी प्रस्तावना करू नका. ‘यात मला असं म्हणायचंय की’ हे वाक्य गिळा. प्रयोगाला तुम्ही प्रत्येक खुर्चीशेजारी उभे राहून हे सांगू शकणार नाही. स्वतः वाचू नका, दुसऱ्याला वाचू द्या. आणि वाचन चालू असताना नटांकडे नाही, ऐकणाऱ्यांकडे बघा. कुणी कधी खुर्ची सरकवली, पाण्याच्या बाटलीकडे हात कधी गेला, हे कागदाच्या कडेला छोटी रेघ ओढून टिपा. नंतरच्या चर्चेत लोक सौजन्यानं बोलतात, पण खुर्च्या खोटं बोलत नाहीत.

नट जिथे अडखळतो तिथेही रेघ. मी वाचताना अडखळतो तेव्हा दहातल्या आठ वेळा वाक्यात दोन विचार कोंबलेले असतात, नाहीतर ते पात्राचं नसून लेखकाचं बोलणं असतं. कधी कधी नट नकळत शब्द बदलून वाचतो. त्यावर रागावू नका. तो बदललेला शब्द लिहून घ्या, बहुधा तोच बरोबर असतो.

एक उदाहरण देतो. एका कार्यशाळेसाठी मी बहीण-भावाचा प्रवेश लिहिला होता. वडील गेल्यावर सहा महिन्यांनी दोघं जुनं घर आवरायला येतात. पहिला खर्डा असा :

ताई : बाबा जाऊन सहा महिने झाले. तू एकदाही आला नाहीस. आता घर विकायचं म्हटल्यावर बरा आलास!
भाऊ : ताई, मी नाशिकला नोकरी करतो हे तुला माहीत आहे. मलाही माझ्या अडचणी आहेत.
ताई : बाबा शेवटपर्यंत तुझी वाट बघत होते.

वाचून झाल्यावर मार्गदर्शकानं विचारलं, ‘हे तुला माहीत आहे, असं तो तिला सांगतोय की मला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. माहिती प्रेक्षकाला पुरवण्यासाठी मी दोन सख्ख्या भावंडांना एकमेकांची ओळख करून द्यायला लावली होती. शिवाय जे दुखतंय तेच दोघं सरळ बोलून मोकळे होत होते, त्यामुळे पुढच्या पानासाठी काही उरतच नव्हतं. मग आम्हाला गृहपाठ मिळाला : दोघांनी भांडायचं, पण बाबांचं नाव न घेता, घरातल्या एका वस्तूवरून. दुसऱ्या रविवारी मी हे घेऊन गेलो :

ताई : बंब तू ने.
भाऊ : आमच्याकडे गीझर आहे.
ताई : माहितीये.
भाऊ : मग?
ताई : घासून ठेवलाय. दर शनिवारी घासायचे.
भाऊ : शनिवारी कशाला?
ताई : तू यायचा असायचास ना शनिवारी.

कोण घासायचे, कोण वाट बघायचं, भाऊ आला की नाही, यातलं काहीही सांगितलेलं नाही. ‘घासायचे’ या एका क्रियापदात बाबा आले. आणि गंमत अशी की शेवटच्या ओळीतला ‘ना’ माझा नाहीच. वाचणाऱ्या बाईंनी तो आपसूक घातला. मी तो तसाच ठेवला.

वस्तूचा हा व्यायाम तुम्हीही घरी करा. आईचं लुगडं, दुकानाची किल्ली, बंद पडलेली स्कूटर, काहीही चालेल. अट एकच : ज्यावरून खरं भांडण आहे त्याचा उच्चार करायचा नाही.

शेरे कसे घ्यायचे

वहीत दोन रकाने करा. डावीकडे ऐकणाऱ्याला काय झालं ते (‘इथे मला कळेना हा कोण’, ‘इथे हसू आलं’), उजवीकडे त्यांनी सुचवलेले उपाय (‘बहिणीला डॉक्टर कर’, ‘शेवटी भावाला रडव’). डावा रकाना सोन्यासारखा जपा. उजवा घरी जाऊन वाचा आणि बहुतेक विसरा. लोकांना दुखतंय कुठे हे अचूक कळतं, औषध मात्र प्रत्येक जण स्वतःच्या नाटकाचं देतो.

वाद घालू नका. एकानं म्हटलं तर त्याची आवड, तिघांनी म्हटलं तर तुमची चूक, एवढा हिशेब पुरे. आणि दुसऱ्यांच्या वाचनाला मोबाइल बंद ठेवून बसा. तुमच्या अर्ध्या तासापेक्षा इतरांच्या साडेपाच तासांत तुम्ही जास्त शिकता.

नाटक नेमक्या तोंडांसाठी लिहिलेलं असलं की कसं उभं राहतं, याचा मराठीतला मोठा दाखला 1967चा आहे. विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ या संस्थेसाठी, राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं लिहिलं. त्यातल्या नायिकेची, बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. समोर संस्था होती, नट होते, तारीख होती. कार्यशाळेतून असं दोघा-तिघांचं एखादं टोळकं जमलं, तुमचं लिहिलेलं वाचायला तयार असलेलं, तर फी वसूल.

कार्यशाळा संपल्यावर

इथेच बहुतेकांची गाडी अडते. गटाचं व्हॉट्सॲप आठ दिवस खणखणतं, मग त्यावर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊ लागतात. शेवटच्या दिवशीच दीड महिन्यानंतरची एक तारीख ठरवून टाका, कुणाच्या तरी घरी, दुसऱ्या खर्ड्याच्या वाचनाची.

प्रवेशाचं पुढे काय करायचं? पहिल्यांदा तरी दोन अंकी नाटकाच्या मागे लागू नका. एकांकिका करा, पाऊण तासाच्या आसपासची. महाविद्यालयात असाल तर पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक आहे, ‘लोकसत्ता’ची लोकांकिका आहे, या स्पर्धांना दर वर्षी नव्या संहिता लागतात आणि मुलं त्या शोधत फिरत असतात. महाविद्यालय मागे पडलं असेल तर खुल्या एकांकिका स्पर्धा गावोगावी होतात. प्रत्येकीचे वेळेचे आणि पात्रसंख्येचे नियम वेगळे, तेव्हा नियमावली वाचून मग कात्री चालवा.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्पर्धेच्या प्रवेशअर्जातही ते बहुधा मागतात, त्याबरोबर लेखकाचं संमतीपत्रही. हे काम प्रयोगाच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका.

हक्कांबद्दल नवे लेखक एक तर अति घाबरतात, नाहीतर अजिबात विचार करत नाहीत. कॉपीराइट कायदा 1957चा आहे. त्यानुसार संहिता लिहिली की हक्क लेखकाचाच होतो, नोंदणी सक्तीची नाही. पुराव्यासाठी करायची असेल तर कॉपीराइट कार्यालयात नाट्यकृतीसाठी 500 रुपये शुल्क आहे. नुसत्या कल्पनेवर मात्र हक्क नसतो. बंबाची गोष्ट तुम्हीही लिहू शकता, माझे संवाद उचलू शकत नाही. हक्क कुणाला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून ‘एका स्पर्धेपुरती परवानगी’ देताना संघाचं नाव, स्पर्धेचं नाव आणि तारीख लिहा. कार्यशाळेच्या अर्जातही बारीक अक्षरांत ‘इथे लिहिलेल्या संहितेवर संस्थेचा हक्क राहील’ असं वाक्य नाही ना, हे सही करण्यापूर्वी बघा. असेल तर ते खोडायला सांगा.

दुसऱ्या कुणाच्या कथेवर लिहिणार असाल तर आधी परवानगी. लेखक हयात असेतोवर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो, तेव्हा ‘ते तर केव्हाच गेले’ हे उत्तर चालत नाही.

राहिलं ते दुसऱ्या खर्ड्याचं वाचन. चार माणसं पुरतात. त्यांतलं किमान एक असं हवं, ज्यानं पहिला खर्डा ऐकलेला नाही. संहितेच्या छापील प्रती काढा, फोनवर वाचताना माणसं पुढची ओळ शोधत बसतात. पोहे वाचनानंतर द्या, आधी दिलेत तर दुसऱ्या पानापासून पेंग येते. आणि वाचणाऱ्यांकडे पाठ करून बसा, म्हणजे नुसतं ऐकू येईल. वाचायला माणूस कमी पडला तर मला सांगा, मी येईन. फक्त रविवार सकाळ सोडून. रविवारी सकाळी आमची तालीम असते.